हुक अर्धा इंच पुढे

सोमवारी सकाळी अकरा वाजता आक्का दुकानात आली. तिने पिशवीतून मापाचा ब्लाउज काढला, टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "डावीकडे गाठ आहे." मी कात्री ठेवली, मशीनवर चादर टाकली. बारा वाजता आम्ही दोघी रिक्षात होतो.

ते सत्त्याण्णव साल होतं. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण शैला. तिचे यजमान ओझरच्या विमान कारखान्यात होते आणि ती तिथल्याच वसाहतीत राहायची. मी सातपूर कॉलनीत बायकांचे कपडे शिवायचे. दोन वर्षांनी आक्का गेली. ती कशी गेली ते मी लिहिणार नाही. मला लिहायचं आहे ते तिने विचारलेल्या एका प्रश्नाबद्दल आणि त्या प्रश्नाच्या मागे लागून माझ्या दुकानात पुढे जे घडलं त्याबद्दल. ते आठवलं की मला अजूनही एका जागी बसवत नाही. हे लिहितानाही दोनदा उठून खोलीत फेऱ्या मारून आले.

ऑपरेशनच्या आधी आक्काचं रक्त तपासलं तेव्हा साखर उपाशीपोटीही जास्त निघाली आणि जेवणानंतरही. तिला मधुमेह आहे हे आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. मोठे डॉक्टर म्हणाले, "आधी साखर खाली आणू, मग गाठीचं बघू," आणि पुढच्या खाटेकडे गेले.

आक्काने त्यांच्या पाठीकडे बघत विचारलं, "गाठ छातीत आहे, त्यात साखरेचा काय संबंध?"

त्यांच्याबरोबर एक तरुण डॉक्टरबाई होत्या, नव्यानेच लागलेल्या. त्या मागे थांबल्या. "संबंध असावा असं आता दिसायला लागलंय," त्या म्हणाल्या. "पण मलाही पुरतं माहीत नाही. वाचून सांगते."

"लवकर वाचा," आक्का माझ्याकडे बोट करत म्हणाली. "आमच्या सुमनसारखं करू नका. ती एक पुस्तक महिनाभर पुरवते."

त्या डॉक्टरबाईंचं नाव डॉ. निकम. त्यांनी वाचलं, पण आक्काला सांगायचं राहून गेलं. त्यांनी ते मला सांगितलं.

आता थोडं माझ्या कामाबद्दल. शिवण म्हणजे मशीन चालवणं असं बाहेरच्या माणसाला वाटतं. मशीन कुणीही चालवतं. खरं काम आधी असतं, टेप आणि खडूचं. ब्लाउज हा कपडा फार छळणारा आहे. सदरा इंचभर चुकला तरी अंगावर बसतो, ब्लाउज पाव इंच चुकला की बाई संध्याकाळी दारात उभी. उंची, खांदा, मुंढा, छाती, छातीखालचा घेर, बाही, पुढचा गळा, मागचा गळा. शिवाय माझ्या दुकानाची ओळख होती ती पट्टीच्या परकरांसाठी. नाडीच्या परकराने कमरेवर काळा वळ पडतो. मी नाडीऐवजी रुंद पट्टी आणि बाजूला दोन हुक लावायचे. कंपनीतल्या कामगारांच्या बायका, शाळेतल्या बाई, आनंदवल्ली-मखमलाबादच्या मळ्यांतून येणाऱ्या माळणी, सगळ्या तो परकर मागायच्या. त्यासाठी कंबर नेमकी मोजावी लागते. त्यामुळे माझ्या वहीत एक रकाना असा होता जो बहुतेक शिंप्यांच्या वहीत नसतो.

मला शिवण शिकवली पिंगळेबाईंनी. त्यांचा एक नियम होता. बाईचं माप मोठ्याने वाचायचं नाही. मनात वाचायचं, वहीत लिहायचं, वही मिटायची. "आरसा बोलत नाही म्हणून बाया आरशासमोर उभ्या राहतात. तूही बोलू नकोस," असं त्या म्हणायच्या. मी मुळातच कमी बोलणारी, बी. ए. करून नोकरी न मिळालेली, मशीनच्या खणात वाचनालयाचं पुस्तक ठेवणारी. हा नियम मला फार जड गेला नाही. गिऱ्हाइकं आपसात म्हणायची, "सुमनताईंकडून ब्लाउज उशिरा आला की समजायचं, पुस्तक जाड होतं."

त्र्याऐंशी सालापासून मी वह्या ठेवल्या. प्रत्येक बाईला एक पान. ती परत आली की त्याच पानावर खालच्या ओळीत नवी मापं. एक पान भरलं की शेजारी दुसरं चिकटवायचं. काही जणींची पानं उलगडली की साडीच्या निऱ्यांसारखी लांब व्हायची.

आक्का गेल्यानंतर काही महिने मी दुकान उघडायचे, पण पुस्तक काढायचे नाही. आलेलं काम शिवायचं आणि घरी जायचं. अशा एका दुपारी डॉ. निकम दुकानात आल्या. मला वाटलं, स्वतःचं काही शिवायला आल्या.

"तुम्ही ऑपरेशननंतर आक्कांसाठी जो ब्लाउज शिवला होतात, आतून कप्पा असलेला," त्या म्हणाल्या, "तसे आमच्या इतर बायकांना शिवून द्याल? एक बाजू रिकामी असते म्हणून त्या घराबाहेर पडत नाहीत हो."

तो ब्लाउज जमायला मला सहा खेपा लागल्या होत्या. नुसता कापूस भरला तर ती बाजू हलकी पडते आणि खांदा वर उचलला जातो. वजन हवं म्हणून ज्वारी भरली, तर घामाने आठवड्यात आंबूस वास आला. आक्का म्हणाली होती, "आता पेरून टाक, पीक तरी येईल." शेवटी सावरीचा कापूस आणि तळाशी काचेचे बारीक मणी असा मेळ बसला. मी डॉक्टरबाईंना हो म्हटलं. पहिल्या बाईचं नाव-माप लिहायला वही उघडली. ती बाई माझीच जुनी गिऱ्हाईक निघाली, एका कामगाराची पत्नी. तिचं पान आधीपासून होतं. मी ते उलगडलं.

डॉ. निकम पर्स खांद्याला लावून निघाल्या होत्या. त्या थांबल्या. "हे काय आहे?"

"मापं."

"हा आकडा कशाचा?"

"कंबर."

"आणि हा?"

"तीच कंबर. दोन वर्षांनंतरची."

त्यांनी पर्स खाली ठेवली. मग त्या माझ्या दुकानाच्या फरशीवर, चिंध्यांमध्ये, मांडी घालून बसल्या. पान मांडीवर घेऊन त्या बोटाने वरून खाली येत होत्या. सत्तावीस, साडेसत्तावीस, एकोणतीस, एकतीस, साडेतेहेतीस. त्या आकडे मोठ्याने वाचत होत्या आणि मी नकळत दाराकडे बघत होते, कुणी ऐकत तर नाही.

"सुमनताई, असं प्रत्येकीचं आहे?"

"जी टेपने माप देते तिचं आहे."

"किती वर्षांचं?"

"सतरा."

त्या इतक्या भरभर बोलू लागल्या की मला त्यांना दोनदा थांबवावं लागलं. दवाखान्यात बाई येते तेव्हा तिचं आजचं वजन कळतं, आजची साखर कळते. पण दहा-पंधरा वर्षांपूर्वी ती कशी होती, केव्हापासून पोट सुटायला लागलं, हे कुणालाच सांगता येत नाही. तिला स्वतःलाही आठवत नाही. "आणि तुम्ही ते लिहून ठेवलंय. इंचात. पाव इंचापर्यंत."

मी चहा सांगितला. तो येऊन गार झाला. आक्काच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या दुपारी मिळालं. डॉक्टरबाईंनी ते असं सांगितलं. पोटावरची चरबी नुसती पडून राहत नाही, ती शरीरात कामं करते. बाईची पाळी गेली की बीजकोष थंडावतात, पण चरबी स्त्रीहार्मोन बनवत राहते, आणि स्तनातल्या काही पेशींना ते हार्मोन म्हणजे वाढीचा हुकूम. शिवाय पोट सुटलेल्या बाईच्या शरीरात इन्सुलिनचं नीट चालेनासं होतं. शरीर मग जास्त जास्त इन्सुलिन सोडतं. साखर वाढलेली तपासणीत दिसते ती पुष्कळ नंतर. त्याआधी कित्येक वर्षं हे जास्तीचं इन्सुलिन रक्तात फिरत असतं, आणि तेही पेशींना वाढा म्हणतं. रक्तदाब, साखर, कंबर ही एकाच कुटुंबातली भावंडं आहेत, आणि छातीतली गाठ त्यांची चुलत बहीण असावी अशी शंका घ्यायला आता जागा आहे.

"म्हणजे आक्काला साखरेमुळे झालं?" मी विचारलं.

"तसं मी म्हणणार नाही. एका बाईबद्दल असं कधीच सांगता येत नाही. कॅन्सर बारीक बायकांनाही होतो, पुष्कळ जाड बायकांना आयुष्यभर होत नाही. पण अशा पुष्कळ जणी एकत्र बघितल्या तर धोका वाढलेला दिसतो. आणि सुमनताई, वय आपल्या हातात नाही, आईकडून आलेलं हातात नाही. कंबर थोडी तरी आहे."

मला त्या रात्री झोप आली नाही, आणि ती झोप न येणं दुःखाचं नव्हतं. आक्काला जाऊन वर्ष झालं नव्हतं आणि मला आनंद होत होता. त्याची लाज वाटत होती, तरी होत होता. सतरा वर्षं मी जे मुकाट्याने लिहिलं ते कुणाच्या तरी जिवाच्या उपयोगाचं होतं. दुसऱ्या दिवशी मी वाचनालयात जाऊन शरीरशास्त्राचं पुस्तक आणि जाडजूड शब्दकोश आणला. डॉ. निकम त्यांच्याकडच्या वैद्यकीय मासिकांतले लेख आणून द्यायच्या. मी एकेक परिच्छेद दोन-दोन दिवस वाचायचे. पुन्हा मशीनच्या खणात पुस्तक आलं.

मग आमचे रविवार सुरू झाले. डॉक्टरबाई सकाळी नऊला यायच्या, आम्ही वह्या उघडून बसायचो. चाळिशीच्या पुढच्या आणि कंबर सतत वाढत गेलेल्या बायका वेगळ्या काढायच्या. नावं माझ्याजवळच राहतील, वही दुकानाबाहेर जाणार नाही, ही माझी अट त्यांनी लगेच मानली. संशोधन वगैरे काही नव्हतं ते, त्यामुळे आकडे मी देत नाही. आम्हाला फक्त एवढंच करायचं होतं की त्या बायकांची साखर आणि रक्तदाब बघायचा आणि छातीला हात लावून तपासायचं.

बोलवायचं कसं हा प्रश्न होता. तपासायला या म्हटलं तर कुणी आली नसती. मी ट्रायलला बोलावलं. माझ्याकडे पडद्याआड दोन माणसं उभी राहतील एवढी जागा होती. कपडा अंगावर चढवून बघायला बाई आत गेली की डॉ. निकम आत असायच्या. आधी मी बाहेर सांगून ठेवायचे, फसवणूक नव्हती, पण पडदा तोच असल्यामुळे बायकांची भीड कमी व्हायची. त्या पडद्याआड त्या वर्षानुवर्षं पदर काढत आल्या होत्या.

बँकेतल्या एका साहेबांच्या पत्नी फार रागावल्या. "माझी कंबर तुम्ही डॉक्टरला सांगितलीत?"

"नाव सांगितलं नाही, वहिनी. तुम्हालाच बोलावलं."

"पस्तीस आहे ना?"

"साडेछत्तीस."

त्या खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "साडेछत्तीस कधी झाली?" मी पान उलगडून दाखवलं. त्यांनी ते एखादं जुनं पत्र वाचावं तसं वाचलं. "ही बत्तीस धाकट्याच्या मुंजीच्या वेळची. ही चौतीस, सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हाची. दिवसभर घरात, आणि त्यांचं उरलेलं मीच संपवायचे." त्या दिवशी त्यांची साखर जास्त निघाली. पुढच्या रविवारी त्या दोन मैत्रिणींना घेऊन आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "ह्यांचंही काढा पान. मी एकटी का लाजू?"

एका कामगाराच्या बायकोने विचारलं, "सुमनताई, मशीन विकून आता सुई टोचायचाच धंदा का?" दुसरी म्हणाली, "सुई तर त्या आधीपासूनच टोचतात, ट्रायलला विचार मला." हसणं रस्त्यावर ऐकू जायचं. समोरच्या किराणावाल्याने विचारलं की काय सेल लागलाय.

साखर कितीतरी जणींची निघाली, त्यांना माहीतच नव्हती. गाठी दोघींच्या निघाल्या, दोन्ही साध्या. संध्याकाळी डॉक्टरबाई आणि मी भेळ खात हिशेब करायचो, कोण आलं, कोण राहिलं. मला वाटायचं आपण आक्काला उत्तर देतोय. वही आपल्याला सगळं सांगते असं मला वाटायचं. इथेच माझी चूक होती, आणि ती चूक शिंप्याशिवाय कुणी करणार नाही अशी होती.

मंजुळाबाईंचा परकर आला तेव्हा ती मला कळली.

मंजुळाबाई मखमलाबादकडच्या माळीण. त्यांचा गुलाबाचा मळा होता. पंचवटीत हारवाल्यांना फुलं घालायच्या. पन्नाशी उलटलेली, बोलायला तिखट. त्या कधी टेप लावू द्यायच्या नाहीत. जुना ब्लाउज आणि जुना परकर टाकायच्या आणि म्हणायच्या, "ह्याच मापाचा शिव. त्यात नवं काय करू नको." अशा बायका प्रत्येक शिंप्याकडे असतात. त्यांच्या पानावर आकडे नसतात. "मापाप्रमाणे" एवढा एक शब्द असतो, दर वर्षी, एकाखाली एक.

त्या दिवशी त्यांची सून परकर देऊन गेली. "आत्याबाई म्हणत्या, जरा आवळतो. बघा म्हणं."

मी पट्टी उसवली. आतमध्ये मी राखून ठेवलेलं जादा कापड होतं, ते संपत आलं होतं. हुकाच्या जागी जुन्या टाक्यांची भोकं होती. एक, त्याच्या अर्धा इंच पुढे दुसरं, त्याच्या पुढे तिसरं. माझेच टाके. मापाचा म्हणून आलेला परकर जसाच्या तसा शिवला तर तो बसणार नाही हे मला दर वेळी डोळ्यांनी दिसायचं. बाईला तसं सांगायचं नाही. मग काय करायचं, तर गुपचूप हुक अर्धा इंच पुढे सरकवायचा, शिवणीत थोडं जास्त कापड सोडायचं, आणि वहीत लिहायचं, मापाप्रमाणे. बाई खूश, शिंपीण खूश. सगळे शिंपी हे करतात आणि त्याला चांगुलपणा समजतात. मीही समजायचे.

म्हणजे आमच्या यादीत ज्यांची नावं यायला हवी होती त्यांतल्या कित्येक जणी यादीतच नव्हत्या. ज्या टेपला भिऊन मापाचा कपडा देतात, त्याच. वाढलेल्या कमरेची भीती वाटते म्हणूनच तर त्या टेप टाळतात.

आणि आक्का. आक्का ओझरहून मापाचा ब्लाउज पाठवायची, नाहीतर टेबलावर टाकून म्हणायची, "याच्यावरून कर, मला बस गाठायचीय." सख्ख्या बहिणीला मी टेप लावली नाही. तिचं पान मी काढून बघितलं. खालपर्यंत मापाप्रमाणे, मापाप्रमाणे. दर दिवाळीला मी तिची शिवण सैल केली होती आणि एका शब्दाने बोलले नव्हते.

मी मशीनवर चादर टाकली आणि मखमलाबादची बस धरली.

मंजुळाबाई मळ्यात होत्या. लग्नसराई होती. सून पलीकडच्या वाफ्यात फुलं तोडत होती आणि त्या शेडखाली बसून कळ्या निवडत होत्या. हातात हिरव्या बांगड्या, अजूनही सव्वादोनच्याच मापाच्या, मनगट पोरीसारखं बारीक. पोट मात्र मांडीवर टेकलेलं. डॉक्टरबाई हेच सांगायच्या, आपल्याकडे हातपाय काडीसारखे राहतात आणि सगळं पोटावर साठतं, म्हणून बाई जाड आहे असं कुणाला वाटतच नाही.

"परकर घिऊन आली व्हय? एवढ्या लांब?" त्या म्हणाल्या.

"परकर झाला नाही. माप घ्यायला आले."

"मापाचा दिलाय की."

"तो तुमच्या मापाचा नाही, मंजुळाबाई. बारा वर्षं मी तुमचा हुक पुढे सरकवत आले. तुम्हाला सांगितलं नाही. माझं चुकलं."

त्यांनी एक कळी टोपलीत टाकली. "मला ठाऊक नव्हतं व्हय? माझं प्वाट मला कळत नाय का, टेलरबाई? तू गुपचूप सरकवीत व्हतीस, मी गुपचूप नेसत व्हते. दोघींचं बरं चाललं व्हतं."

मी टेप काढली. त्या उठल्या नाहीत. मी त्यांच्याजवळ पोत्यावर बसले आणि आक्काबद्दल सांगितलं. मी कधी कुणाला इतकं सलग सांगितलं नव्हतं. साखरेचं सांगितलं, रविवारचं सांगितलं, पडद्याचं सांगितलं. त्या कळ्या निवडत राहिल्या. मग उठल्या, पदर खांद्यावर टाकून उभ्या राहिल्या. "घे मंग. लवकर घे. सून येईल."

मी टेप लावली. वाचला आकडा. आयुष्यात पहिल्यांदा समोरच्या बाईने न विचारता मोठ्याने सांगितला. "साडेसदतीस. मी पहिल्यांदा शिवला तेव्हा अठ्ठावीस असावी."

"लय झाली."

"रविवारी या. डॉक्टरबाई साखर बघतील आणि छाती तपासतील."

"साखर बघू दे. छातीला हात नाय लावायचा."

"का?"

त्या खाली बसल्या. सुनेने लांबून काहीतरी विचारलं, त्यांनी हाताने थांब म्हटलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हाय तिथं. हरभऱ्यायवढं. पोळ्याच्या टायमाला हाताला लागलं व्हतं. दुखत नाय."

पोळा होऊन सहा-सात महिने झाले होते.

"कुणाला सांगितलं नाही?"

"कुणाला सांगू? उद्या गावात झालं की मंजुळाला त्यो रोग हाय, तर देवाला हार घेतील का माझ्या हातचा? आमच्या घरात समदं ह्या फुलावर हाय. माझं काय व्हायचं ते हुईल, पण फुलं बंद पडली तर पोरानं काय खायाचं?"

त्यांची भीती खोटी नव्हती. लोक तसं करतातही. मी म्हटलं, "दुकानात यायचं. परकर न्यायला आलात म्हणायचं. पुढचं सगळं पडद्याआड होईल. मी कुणाला सांगणार नाही. न सांगण्यात मी किती पक्की आहे ते तुम्हाला माहीत आहे."

त्या हसल्या, तोंडावर पदर धरून. "ते हाय म्हणा. बारा वर्सं हुक सरकवलास, हूं नाय की चूं नाय."

"पण रविवारी. पुढच्या नाही, याच."

"याच तर याच. फुलं घालून येते मंग."

शनिवार मला फार मोठा गेला. रविवारी नऊ वाजले, दहा वाजले. डॉ. निकम घड्याळ बघत नव्हत्या, म्हणजे बघायचं टाळत होत्या. साडेदहाला मंजुळाबाई आल्या, रिकाम्या टोपल्या दुकानाबाहेर ठेवून. बाकीच्या बायकांना म्हणाल्या, "परकर न्यायला आलीय," आणि थेट पडद्याआड गेल्या. मी मशीन चालवत बसले, दोरा न घालता. आतून डॉक्टरबाईंचा आवाज हळू येत होता. मग मंजुळाबाईंचा, "तिथंच. दाबू नका लय."

पडदा सरकवून डॉ. निकम बाहेर आल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि होकाराची मान हलवली. मग पाठ फिरवून, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाल्या, "लहान आहे, सुमनताई. अजून लहान आहे."

त्या आठवड्यातच सुईने नमुना घेतला. कॅन्सरच होता. साखरही होती, आक्काच्या इतकीच. पण या वेळी मोठ्या डॉक्टरांच्या आधी डॉ. निकमनी समजावून सांगितलं होतं, त्यामुळे मंजुळाबाईंनी तो प्रश्न विचारला नाही. उलट शेजारच्या खाटेवरच्या बाईला त्याच समजावत होत्या, "आधी साखर खाली, मंग गाठ. घाई नाय करायची. त्या दोघी लांबून नात्यातल्या हायेत."

काखेत पसरलेला नव्हता. एक स्तन काढला. इंजेक्शनं झाली, केस गेले, पुन्हा आले. गावात त्यांनी सांगितलं की पोटाचं ऑपरेशन झालं. फुलं बंद पडली नाहीत. त्यांचा कप्प्याचा ब्लाउज मी टेपने घेतलेल्या मापावर शिवला.

त्यानंतर मी वहीतली "मापाप्रमाणे"ची पानं एकेक करून काढली आणि त्या बायकांच्या घरी गेले. काहींनी दार लावून घेतलं. एका शाळेतल्या बाईंनी मला कायमचं सोडलं. शेजारच्या गल्लीतल्या शिंप्याकडे जायला लागल्या, तो हुक सरकवतो. पुष्कळ जणी आल्या. आणि डॉ. निकम म्हणाल्या होत्या तेही बघायला मिळालं: आमच्या रविवारी चिठ्ठ्या लिहायला मदत करणारी एक काटकुळी ग्रंथपाल, कंबर चोवीस, साखर उत्तम, तिलाही कॅन्सरची गाठ निघाली. कंबर म्हणजे सगळं नाही. पण मापून सांगता येतं आणि कमी करता येतं असं जे थोडं आहे, त्यात ती आहे. माझ्या गिऱ्हाइकांपैकी काही जणी सकाळी कारखान्याच्या भोंग्याबरोबर चालायला निघायच्या. बँकेच्या वहिनींची कंबर दोन वर्षांत अडीच इंच उतरली. त्यांनी स्वतः वही मागून तो आकडा लिहिला, माझ्या पेनाने.

आक्काच्या बाबतीत मी काही वेगळं करू शकले असते का, हे मी डॉ. निकमना एकदाच विचारलं. त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही. तुम्ही बोलला असता तरी कदाचित झालं असतं. कदाचित साखर आधी कळली असती. मी खोटा धीर देणार नाही आणि खोटा दोषही." मी त्या उत्तरावर भागवून घेते. पण हुक सरकवताना मी आक्काशी बोलले नाही, हे त्या उत्तराने बदलत नाही.

गुडघ्यांमुळे मी दोन वर्षांपूर्वी दुकान बंद केलं. डॉ. निकम आता स्वतः मोठ्या डॉक्टर आहेत आणि त्यांच्या तपासणीच्या खोलीत वजनकाट्याशेजारी टेप टांगलेली असते. मंजुळाबाई साठीच्या झाल्या. मळा सुनेकडे आहे. साखरेच्या गोळ्या चालू आहेत, कंबर चौतीस आहे. दुसऱ्या बाजूची तपासणी दर वर्षी होते. मी बरोबर जाते.